खुणेचा वस्तरा

मी वस्तरा. दोब्रे न्हाव्याच्या धोकटीतला. ज्यांना रक्त बघवत नाही त्यांनी इथूनच मागे फिरावं. माझ्या आयुष्यात साबणाइतकंच रक्त आलं आहे आणि ते मी धुऊनपुसून सांगणार नाही.

माझा जन्म डोंगरापलीकडे, ब्राशोव्ह शहरातल्या एका लोहाराकडे झाला. मोडक्या तुर्की तलवारीचा वीतभर तुकडा त्याने तापवला, ठोकला, पाणी पाजलं आणि म्हशीच्या शिंगाची मूठ बसवली. तलवारीच्या घराण्यातला म्हणून मला सुरुवातीला फार तोरा होता. न्हाव्याच्या हाती पडलो तेव्हा अपमान वाटला. दोब्रे तेव्हा विशीतला, बारीक अंगाचा, हात मात्र असा स्थिर की झोपलेल्या माणसाची दाढी केली तरी त्याला जाग येऊ नये.

त्याचं दुकान राजवाड्याच्या दरवाजाला लागून होतं. दाढी करणं, दात उपटणं, तापात शीर तोडून रक्त काढणं, सगळं तोच करायचा. तिथे मला माणसाची एक गंमत कळली. जो स्वतःच्या बायकोवर विश्वास ठेवत नाही, जेवणाआधी कुत्र्याला घास घालून बघतो, तोच न्हाव्यापुढे डोळे मिटून गळा उघडा टाकतो. वर गप्पाही मारतो. दरबारात जे कुणी बोलत नसे ते सगळं मी साबणाच्या फेसातून ऐकलं.

आमच्या देशात गादी थोरल्यालाच मिळते असं काही नाही. राजाच्या हाडाचा असला की झालं. पहिल्या राणीचा असो, दुसरीचा असो की जत्रेत भेटलेल्या कुणा बाईचा असो. राजा मेला की सरदार जमतात, त्या हाडाच्या माणसांतला एक उचलतात, मुख्य धर्मगुरू त्याच्या कपाळाला पवित्र तेल लावतो आणि त्या क्षणापासून कारकून त्याच्या नावाआधी 'इओ' लिहू लागतो. इवलंसं बिरुद. त्याचा अर्थ विचाराल तर कारकुनालाही धड सांगता येत नाही. पण ते नावाआधी लागलं की माणूस व्होइवोद होतो, देशाचा धनी होतो. ते आपल्याला लागावं म्हणून सख्खे भाऊ एकमेकांची आतडी बाहेर काढतात. आमच्याकडे मर्तिकाच्या घंटा वाजायला लागल्या की समजावं, सुऱ्यांना धार लावायचंही सुरू झालं.

यातून सुटायची वाट एकच. तेल अखंड माणसालाच लागतं. ज्याच्या तोंडावर खूण आहे, नाक कापलेलं आहे, तो राजा होऊ शकत नाही. तो जेवतो, लग्न करतो, गुरं राखतो, पण गादीवर बसत नाही. म्हणून त्याला मारायचं कारणही उरत नाही. नवा राजा जरा देवाला भिणारा असला की चुलतभावांच्या माना उडवण्याऐवजी न्हाव्याला बोलावायचा.

मी पहिलं नाक कापलं ते आल्बू राजा गादीवर आला तेव्हा. त्याच्या एका चुलतभावाला चार शिपायांनी बाकावर दाबून धरलं होतं. सांगतो, नाक कापणं सोपं नाही. वरचं कातडं लगेच सुटतं, मग आतलं कुरकुरीत हाड लागतं आणि तिथे हात अडतो. तो माणूस ओरडत नव्हता, स्वतःचंच रक्त गिळून खोकत होता. दोब्रेने काम पुरं केलं, जखमेवर तापलेली सळई लावली, तुरटी दाबली आणि मागच्या दारी जाऊन भडाभडा ओकला. आठवडाभर त्याने मला हात लावला नाही. मीही सुन्न होतो. हजामतीत तोरा गेला होताच, आता लाजही वाटली.

पण तो चुलतभाऊ जगला. नदीकाठी मधमाश्या पाळून वीस वर्षं जगला आणि दर हिवाळ्याआधी दोब्रेला मधाचा एक बुधला पाठवत राहिला. त्या मधाने मला शिकवलं की मी काय आहे. तलवार जे करते त्यातलं थोडंसंच मी करतो आणि बाकीचा माणूस घरी पाठवतो.

आल्बूला दोन मुलगे. थोरला काझान पहिल्या बायकोचा, धाकटा स्ताइको दुसरीचा. दुसरीचं नाव व्होइका. स्ताइकोच्या ओठावर पहिली लव आली तेव्हा ती दोब्रेनेच काढली. तेव्हापासून तो आमच्या दुकानात येऊन बसायचा, दोब्रेला काका म्हणायचा, टवाळी करायचा. असं हसरं गिऱ्हाईक आम्हाला दुसरं नव्हतं.

स्ताइको एकोणीस वर्षांचा असताना आल्बू गेला. सरदारांनी काझानला उचललं, त्याला तेल लागलं. मर्तिकाचे मध घातलेले गहू अजून लोकांच्या तोंडात होते, तोवर राजाच्या हाडाची दोन माणसं विहिरीत सापडली. काझान देवाला भिणाऱ्यांतला नव्हता.

त्या दुपारी व्होइका दुकानात आली. डोक्यावर काळं वस्त्र, तोंड कोरडं.

"दोब्रे, स्ताइकोला दाढीला पाठवतेय," ती म्हणाली. "खूण कर."

"बाईसाहेब, त्याला राजाचा हुकूम लागतो."

"राजाचा हुकूम निघेल तो गळ्याचा निघेल. त्याच्या आधी मला उरकायचंय. नाक घे. मान राहू दे."

"धाकट्या धन्यांना माहीत आहे?"

"माहीत असतं तर आला असता का?"

दोब्रे मला उगीचच चामड्याच्या पट्ट्यावर घासत बसला. "तो मला काका म्हणतो, बाईसाहेब."

"म्हणून तर तुझ्याकडे आले. परका हात खोल जाईल."

थोड्या वेळाने स्ताइको शीळ घालत आला आणि बाकावर पसरला. "काका, मिशी ठेवा बरं का. काझानने बाकी सगळं घेतलंय, तेवढीच एक जहागीर उरलीय."

दोब्रे हसला नाही. मागून व्होइका दोन मोतद्दारांना घेऊन आत आली आणि तिने दाराला अडसर घातला. स्ताइकोने आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. पोरगा हुशार होता.

"आई, काय करतेयस?"

"तुला जगवतेय."

"मला विचारलंस?"

"जन्माला घालतानाही विचारलं नव्हतं."

तो उठला. एका मोतद्दाराच्या बोटाचा त्याने असा चावा घेतला की पेर लोंबायला लागलं. दुसऱ्याला त्याने भिंतीवर आपटलं. शेवटी दोब्रेसकट तिघांनी त्याला खाली पाडला आणि व्होइका स्वतः त्याच्या डोक्याशी बसली. तिने त्याचं डोकं दोन्ही हातांनी छातीशी घट्ट दाबून धरलं, तान्ह्याला पाजताना धरावं तसं. "लवकर," ती म्हणाली.

सबंध नाक घ्यायचं दोब्रेच्या जिवावर आलं. त्याने डाव्या नाकपुडीचा वाटाण्याएवढा तुकडा घेतला आणि मला दूर फेकलं. खूण ती खूण, लहान काय नि मोठी काय, असं त्याने स्वतःला समजावलं असणार. रक्त व्होइकाच्या पोलक्यात शिरत होतं आणि ती मुलाला सोडत नव्हती.

"आजपासून तू माझी आई नाहीस," स्ताइको म्हणाला.

"नसू दे. तू आहेस ना."

दिवस मावळायच्या आत काझानची माणसं दोरी घेऊन आली. त्यांच्या नायकाने स्ताइकोच्या तोंडावरचं फडकं उचललं, हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि हसला. "याचं आधीच झालंय. चला रे, पुढचं घर." त्या दिवशी पुढच्या घरांमधली सहा माणसं त्या दोरीने गेली. त्यांतली दोन स्ताइकोपेक्षा लहान होती.

स्ताइको नदीकाठच्या एका गावात जाऊन राहिला. तोंडावर सतत फडकं. व्होइका चीज पाठवायची, तो कुत्र्यांना घालायचा. ती भेटायला गेली की तो घोडा काढून निघून जायचा. दोन वर्षं अशी गेली. दुकानात येऊन ती बसायची आणि दोब्रेला एकच विचारायची, "बरा आहे ना?" तो बरा आहे म्हणायचा. एवढ्यावर ती घरी जायची.

मग सीमेवरच्या लढाईत काझानच्या काखेत भाला घुसला आणि बरगड्या फोडून बाहेर आला. मागे राहिली त्याची बायको मार्गा आणि दोन वर्षांचं पोर. सरदारांना पोर नको होतं, लढणारा माणूस हवा होता. म्हातारा सरदार द्रागीच स्ताइकोकडे गेला. सगळं मनासारखं होतं, वय, अंगकाठी, अक्कल. त्याने फडकं उचललं, उसासा टाकला आणि परत खाली सोडलं. वाटाण्याएवढ्या मांसाने घात केला. ही बातमी ऐकली तेव्हा दोब्रे जेवला नाही.

सरदारांनी मग मिहुलला आणलं. राजघराण्याच्या लांबच्या फांदीचा, डोंगरापलीकडे वाढलेला. नाक भलं मोठं आणि अखंड, बाकी सांगण्यासारखं काही नाही. तो तीनशे घोडेस्वार घेऊन आला. ज्या सरदारांनी कां-कूं केलं त्यांना त्याने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सुळावर चढवलं. चार दिवस ती माणसं कण्हत होती, आणि बाजाराला जाणाऱ्या बायका पोरांचे डोळे झाकून जात होत्या. शिपायांत कुणीतरी बोललं, "वाटाण्याएवढ्यानं काय होतंय, स्ताइकोच बरा होता." ते मिहुलच्या कानावर गेलं. त्याने स्ताइकोला पकडून आणला आणि वाड्याच्या तळघरात टाकला. खूण झालेल्या माणसाला हात लावणं रीतीच्या बाहेरचं होतं, लोक कुजबुजले, पण सुळांकडे बघून गप्प राहिले.

तेल लागायच्या दिवशी सकाळी दोब्रेला देवळाशेजारच्या खोलीत बोलावणं आलं. दाराशी दोन पहारेकरी. मिहुल खुर्चीत बसला, मान मागे टाकली आणि डोळे मिटले. सगळे टाकतात तशी.

"जपून रे म्हाताऱ्या. आज अंगाला ओरखडासुद्धा नको."

"जपतोय, धनी."

"त्या स्ताइकोची खूण तूच केलीस ना? अर्धवट केलीस. न्हाव्याला काम उरकता येत नसलं की धन्याला करावं लागतं. तेल लागलं की पहिला हुकूम तोच, मानेपासून पुरतं करून टाकतो."

दोब्रेचा हात थांबला. मी नेमका गळ्यावर होतो, खाली शीर उडत होती. मला वाटलं, आता. खोटं कशाला बोलू, मला हवंही होतं. पण दोब्रेने मला उचललं, वर नेलं आणि मिहुलच्या डाव्या नाकपुडीचा एक तुकडा अलगद उतरवला. या वेळी त्याचा हात पूर्वीसारखा स्थिर होता.

मिहुल बोकडासारखा ओरडला. पहारेकरी आत आले. एकाची तलवार दोब्रेच्या पोटातून पाठीपर्यंत गेली. तो गुडघ्यांवर बसला, तरी बोलला, अगदी गिऱ्हाइकाशी बोलावं तसं. "वाटाण्याएवढंच आहे, धनी. चालत असेल तर दोघांनाही चालेल." मग दुसरा घाव मानेवर बसला. त्याची बोटं माझ्या मुठीभोवती तशीच राहिली. ती एकेक करून उलगडावी लागली. तीस वर्षं त्या बोटांत काढली होती मी. रडणं आमच्यात नसतं, असतं तर रडलो असतो.

मिहुल नाकाला फडकं दाबून देवळात शिरला, मला हातात घेऊनच. फरशीवर थेंबांची ओळ पडत गेली. धर्मगुरूने तेलाची वाटी उचलली होती, ती त्याने खाली ठेवली.

"खूण आहे," तो म्हणाला.

"खूण कसली? दाढी करताना लागलं." मिहुलने मला फरशीवर आपटलं. "या वस्तऱ्यानं. न्हावी वेडा होता."

द्रागीच जवळ आला. "किती लागलंय बघू द्या." त्याने फडकं बाजूला केलं. सगळे सरदार माना लांब करून बघू लागले.

"एवढ्याशानं काही राजेपण जात नाही," मिहुल गरजला. "कोण म्हणतो जातं? समोर या."

बायकांच्या बाजूने व्होइका पुढे आली. "परत बोला, मिहुल. मागच्यांना ऐकू आलं नाही."

"एवढ्याशानं जात नाही म्हटलं."

"बरं झालं तुम्ही म्हणालात. एवढंसंच माझ्या मुलाचंही आहे. तो तिकडे वाड्याच्या तळघरात बसलाय आणि आल्बूच्या पोटचा आहे. तुम्ही आल्बूचे कोण?"

मिहुलला आपण काय बोलून बसलो ते तेव्हा कळलं. त्याने तलवार काढली. द्रागीचने त्याच्या आधीच काढली होती, सुळावर गेलेल्यांत त्याचा जावई होता. मग देवळात जे झालं ते मी फरशीवरून बघितलं, म्हणजे पाय आणि पडणारी माणसं. मेणबत्त्यांची तबकं उलटली, एकाचे केस पेटले. एकाचं कापलेलं मनगट माझ्याशेजारी येऊन पडलं, अंगठीसकट. धर्मगुरू तेलाची वाटी पोटाशी धरून वेदीमागे दबून बसला होता. मिहुल दारापर्यंत पोचला होता, उंबऱ्यावर त्याच्या डोक्यात कुऱ्हाड बसली. मोजली तेव्हा एकतीस प्रेतं भरली.

दुपारी स्ताइकोला तळघरातून वर आणला. रक्ताने निसरड्या फरशीवरून तो हळूहळू वेदीपर्यंत गेला आणि तिथे त्याने तोंडावरचं फडकं काढून टाकलं. धर्मगुरू क्षणभर थबकला, मग त्याने तेल लावलं. कारकुनाने लिहिलं, इओ स्ताइको. व्होइका मला फरशीवरून उचलून पदराने पुसत होती. तिच्याजवळून जाताना तो थांबला आणि म्हणाला, "आई." फक्त तेवढंच. पुसून झालेलं पातं ती परत पुसत राहिली. मलाही वाटलं, दोब्रेचं मरण कामी आलं, आता सगळं चांगलं होईल. मी किती मूर्ख होतो ते तीन दिवसांत कळलं.

तिसऱ्या दिवशी काझानची विधवा मार्गा पोराला कडेवर घेऊन व्होइकाकडे आली. पोर अक्रोडाचा तुकडा चघळत होतं.

"सासूबाई, दोब्रेचा वस्तरा तुमच्याकडे आहे म्हणतात. याची खूण करा. मी धरते त्याला. तुम्ही धरलं होतंत तसं."

व्होइका मला घेऊन, मार्गाला आणि पोराला घेऊन, स्ताइकोपुढे जाऊन उभी राहिली.

स्ताइकोने मला ओळखलं. त्याचा हात नाकाकडे गेला. "आई, ठेव तो."

"दोन वर्षांचं पोर आहे. मी स्वतः करते. वाटाण्याएवढी नाही, सगळं नाक घेते."

"घेऊन काय होणार? खूण झालेला गादीवर बसत नाही, हे परवापर्यंत खरं होतं. आता मीच बसलोय. उद्या द्रागीच माझ्यावर चिडेल, याला उचलेल आणि म्हणेल, स्ताइकोला चाललं, याला का नको?"

"मग मठात घाल."

"मठाला दार असतं."

"मी तुला जगवलं, स्ताइको."

"हो ना," तो म्हणाला. "तू मला जगवलंस, काकांनी मला गादीवर बसवलं. आता त्या वस्तऱ्यात काही उरलं नाही, आई. ठेव."

तो रडत होता. खरंच रडत होता, ढोंग नव्हतं, मी जवळून बघितलं. पण शिपायांना हाताने केलेला इशारा त्याने मागे घेतला नाही. त्यांनी मार्गाच्या हातातून पोर ओढून घेतलं. अंगणात विहीर होती. मार्गा ओरडत त्यांच्यामागे धावली, आणि पाण्याचा आवाज आला तसं तिचं ओरडणं बंद झालं. व्होइका मला उघडं धरून तिथेच उभी होती. पातं तिच्या तळव्यात रुतलं होतं, तिला कळलं नव्हतं.

त्याच आठवड्यात नदीकाठच्या त्या म्हाताऱ्या मधवाल्याकडे शिपाई गेले. वीस वर्षं बिननाकाचा निर्धास्त जगलेला माणूस. नाकाचा आता काही उपयोग नाही हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तो दार उघडून त्यांना मध चाखायला या म्हणाला.

व्होइकाने माझ्याच पात्याने आपले केस उतरवले आणि डोंगरातल्या मठात जोगीण झाली. मीही तिच्याबरोबर आलो. स्ताइको पाच वर्षं राहिला, मग त्यालाही कुणीतरी उशीने दाबून मारला. त्याच्यानंतर तीन राजे झाले. दर वेळी कारकुनाने नव्या नावाआधी 'इओ' लिहिलं, आणि दर वेळी राजाच्या हाडाची होती नव्हती तेवढी माणसं कापली गेली, नाक असलेली आणि नसलेली. न्हाव्याला कुणी बोलावत नाही.

मला रानटी म्हणणारे पुष्कळ भेटले. त्यांच्याशी भांडायची मला हौस नाही. मी नाकं कापली, पोरांचे चेहरे बिघडवले, ते सगळं माझ्या नावावर आहे. फक्त एवढंच सांगायचं आहे की माझी खूण मानली जायची तोवर मी ज्यांना कापलं ते नंतर म्हातारे झाले. मला मोडीत काढलं त्यांनी कुणाला म्हातारं होऊ दिलं नाही.

व्होइका आता फार थकली आहे, डोळ्यांनी दिसत नाही. तरी रोज सकाळी ती मला दगडावर लावते आणि अंगठ्याने धार बघते. कुणी आई पोराला घेऊन आली तर वस्तरा बोथट नको, म्हणते. मठाच्या फाटकावरून पोरं छातीशी धरलेल्या बाया जातात. त्या पाणी पितात आणि सीमेकडे पळत सुटतात. वस्तरा आहे का, असं अजून एकीनेही विचारलेलं नाही.